उकळलेल्या थेंबात काय दिसणार?

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. पितळेची नळी, खाली गोल आरसा आणि बाजूला एक चक्री, जी हल्ली फिरवताना कुरकुरते. मला घडवणाऱ्या कारागिराने पेटीत ठेवताना "नीट बघत जा रे," एवढेच म्हटले होते. ते मी फार मनावर घेतले.

या शाळेत मी चाळीस वर्षे तळ्याच्या पाण्याचे थेंब पाहिले. त्यात पॅरामेशियम नावाचा एकपेशीय जीव असतो, चपलेच्या तळव्यासारखा, हात लावीन म्हणेपर्यंत पसार होणारा. त्याच्या मागावर डिडिनियम, पिंपासारखा गोल आणि अंगाने त्याच्याहून लहान. पण एकदा भिडला की एवढे मोठे सावज अख्खेच्या अख्खे गिळतो. मला दोघांचेही भारी कौतुक आहे.

मग नवे शिपाई आले. त्यांना सगळे मामा म्हणत. माणूस टापटिपीचा, तळ्याचे पाणी आणण्याचे काम त्यांच्याकडे आले. आणि तेव्हापासून मला त्या पाण्यात काही म्हणजे काही दिसेना. "कांद्याचा पापुद्रा दिसतो, पण हे बारीक जीव काही दिसत नाहीत. म्हातारा झाला बिचारा," विज्ञानाच्या बाई हळहळल्या. महिन्याभराने माझे नाव भंगाराच्या यादीत गेले. मित्रांनो, मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

भंगारवाला यायच्या दिवशी बाईंनी शेवटचा थेंब काचपट्टीवर घेतला. मामा अभिमानाने म्हणाले, "बिनधास्त घ्या बाई. गाळून दोनदा उकळलंय."

"उकळलंय?"

"मग? तळ्याचं पाणी ते. पोरं हात घालतात त्यात."

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी मामांना पुन्हा पिटाळले, कुजक्या पानांखालचे गढूळ पाणी आणायला.

या वेळी बाईंनी आधी मामांनाच डोळा लावायला सांगितले. डिडिनियम नेमका शिकारीवर होता. पॅरामेशियम दोनदा निसटला, तिसऱ्यांदा सापडला. मामा कितीतरी वेळ वाकूनच राहिले.

"केवढासा आहे हो, पण हिंमत बघा," ते पुटपुटले. मग आवाज खाली गेला. "बाई, महिनाभर मी असे किती उकळले असतील?"

 बाईंनी यादी काढून माझे नाव खोडले.

मित्रांनो, माझे भिंग मऊ कापडाने पुसा, मला खोळ घाला. आणि बघून झाले की तळ्याच्या पाण्याची बरणी मोरीत ओतू नका, मामांकडे द्या. मधल्या सुट्टीत ते ती तळ्यात सोडून येतात, स्वतःचा डबा उघडण्याआधी.