मी पाडलेला उजेड

मी एक जुना दिवा आहे मित्रांनो, पण देवघरातला नाही आणि रस्त्यावरचाही नाही. जतला कचेरीसमोर गंगाधररावांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे एका तिवईवर, डोक्यावर पांढरी छत्री घेऊन मी बावीस वर्षं उभा आहे. ही छत्री ऊन-पावसासाठी नाही. माझा उजेड तिच्यावर आपटून मऊ होतो आणि मग माणसाच्या तोंडावर पडतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. आठवतं ते सांगलीच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि मला मांडीवर घेऊन एसटीने जतला आणणारे तरुण गंगाधरराव. पुढे माझा तोरा काय विचारता. मुलीचं लग्न जमवायचं तर फोटो आमच्याकडेच काढायचा, अशी तालुक्यात पद्धतच पडली. मुलीच्या आईचं म्हणणं एकच असे, "जरा उजळ दिसू दे." गंगाधरराव मला अगदी समोर आणून ठेवत आणि मी जीव तोडून पेटत असे. उरलेलं काम ते कॉम्प्युटरवर करत. डाग पुसायचे, रंग थोडा चढवायचा. "आमच्याकडे बाई दहा वर्षांनी लहान होऊन बाहेर पडते," असं ते सांगत, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

इतकी वर्षं तोंडं बघून मला एक गोष्ट कळली होती. वय सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखं दिसत नाही. गोऱ्या कातडीवर ते लवकर दिसतं आणि रेघांनी दिसतं. सावळ्या कातडीतला रंग उन्हाचा बराच मारा अडवतो, म्हणून तिथे रेघा उशिरा उमटतात. पण वय तिथेही येतंच. गालांवर वांगाचे डाग पडतात, डोळ्यांखाली काळोखी धरते, गाल खाली उतरतात. लोक मात्र रेघाच शोधतात. त्या नाही दिसल्या की म्हणतात, बाई अजून तरुण आहे.

गंगाधररावांच्या पत्नी गोदावरीबाई गोऱ्यापान आहेत. भाजीवाला त्यांना आजी म्हणतो, आणि त्या दिवशी घरातली भाजी हमखास करपते.

गेल्या भाद्रपदात धोंडुबाई आल्या. तालुक्याच्या पूर्वेकडच्या वाडीतलं त्यांचं मेंढपाळांचं घर. रंग चांगला काळा, अंगकाठी ताठ. आल्या आल्या त्या गोदावरीबाईंना म्हणाल्या, "आवं आजी, घोटभर पानी द्या."

गोदावरीबाईंनी तांब्या दिला, पण कपाळाला आठी घालून. "आजी काय म्हणता? बावन्न वर्षांची आहे मी."

"मंग तुमी आमच्या धुळाच्या बराबरीच्या," धोंडुबाई हसल्या. "त्यो माझा थोरला. मला सदुसष्टावं सरतंय."

त्यांचं कामही वयाचंच होतं. आधार कार्ड काढताना मशीनवाल्याने नुसतं तोंडाकडे बघून वय टाकलं होतं, चौदा वर्षांनी कमी. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा जन्माचा दाखला कुठून असणार? कचेरीत अर्ज दिला तर वय तपासायला डॉक्टरकडे पाठवतात, असं त्यांना कळलं होतं. वय दुरुस्त झालं असतं तर म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली असती. मग त्यांना मेंढरांमागे जावं लागलं नसतं. दिवाळीनंतर मेंढरं नदीकाठाला निघतात, ती पावसाळ्याच्या तोंडालाच परत येतात. तोवर रोजची पायपीट.

"गुडघं ऱ्हायलं न्हाईत, दादा," त्या गंगाधररावांना म्हणाल्या. "औंदा घरी बसायचं हाय."

अर्जाला फोटो हवा होता. गंगाधररावांनी सवयीने मला समोर ओढलं आणि मी पूर्ण जोराने पेटलो. मग त्यांनी कॉम्प्युटरवर वांग पुसलं, डोळ्यांखालची काळोखी पुसली, गाल वर उचलले. त्या बाईच्या तोंडावर वय जिथे जिथे होतं, तेवढंच नेमकं त्यांनी डाग समजून पुसलं. धोंडुबाई फोटो बघून लाजल्या आणि तोंडाला पदर लावून गेल्या.

चार दिवसांनी त्या परत आल्या. "सायेब फोटू बघून म्हनलं, ही पन्नाशीचीबी न्हाई, हिला डाक्टरकडं कशाला धाडायची? आवं, मी म्होरंच हुबी हुते. पर त्येनी मान वर केलीच न्हाई."

मोठाच उजेड पाडला होता मी. मला फार लाज वाटली.

गंगाधररावही ओशाळले. त्यांनी मला बाजूला खिडकीकडे सरकवलं, माझा जोर निम्म्यावर आणला आणि दुसरा फोटो काढला. कॉम्प्युटरवर त्याला बोटही लावलं नाही. धोंडुबाई तो फोटो हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ही मी व्हय?" त्या म्हणाल्या. "आमची आय शेवटाला अशीच दिसायची."

तो फोटो लावून त्यांनी नवा अर्ज दिला. त्याचं काय झालं ते धुळा सांगायला आला. साहेबांनी जुना अर्ज काढून दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, या दोन बाया वेगळ्या आहेत, चौकशी करावी लागेल. चौकशीची तारीख दिली ती थेट जानेवारीतली. गंगाधरराव स्वतः कचेरीत जाऊन चूक कबूल करून आले. साहेबांनी ऐकून घेतलं, पण तारीख काही बदलली नाही.

दिवाळी झाली. एका सकाळी मेंढरं आमच्या रस्त्यानेच निघाली. धोंडुबाई हातात काठी घेऊन दुकानात आल्या. "दादा, त्यो दुसरा फोटू मोठा करून ठिवा. कवातरी भिताडाला लावाय लागंल. तवा वय कोन इचारत न्हाई."

त्या गुडघ्यावर हात टेकत पायरी उतरल्या आणि मेंढरांमागे गेल्या.

आता माझी छत्री विरली आहे आणि गिऱ्हाईकही कमी झालं आहे. लोक मोबाईलवरच फोटो काढतात, आणि मोबाईल तर माझ्याहून सफाईने पुसतो. तरी अजून कुणी आई मुलीला घेऊन येते, "जरा उजळ दिसू दे," म्हणते, आणि मला पुन्हा समोर ओढलं जातं.

मित्रांनो, माझ्यासमोर कधी बसलात तर एवढं करा. आहे तसा काढा, म्हणून सांगा. मला स्वतःहून बाजूला सरकता येत नाही.