न खाल्लेलं मीठ

लाँड्रीतून फोन आला तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं चाक बसवत होता. बायको इस्त्रीच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडली होती. तसं तिला अधूनमधून गरगरायचं, म्हणून त्याने चाक नीट बसवलं, घड्याळावर झाकण ठेवलं आणि मगच दुकानाला कुलूप लावलं. इस्पितळात पोचला तोवर ती गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाकावर बसवलं. रक्तातलं मीठ पार खाली उतरलं होतं, म्हणाल्या.

"मीठ कमी खायच्या का त्या?"

"खायचीच नाही. मला मनाई आहे ना, प्रेशरमुळे."

"तुम्हाला. आणि त्यांना?"

"घरात भांडं एकच."

बाईंनी सांगितलं, की काही जणांच्या अंगात मीठ टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं. अशांना इतरांपेक्षा जास्तच लागतं. त्यात दिवसभर वाफेतलं काम, घाम, वर नुसतं पाणी.

"हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"तिचं रक्त तपासून घ्या. तोवर तिचं मीठ तोडू नका."



बायको पहिल्यापासून मीठखाऊ. काकडीवर मीठ, कलिंगडावर मीठ, उकडलेल्या बटाट्यावर तर विचारूच नका. तो तिला शेळी म्हणायचा. "शेळीबाई, भिंत चाटून बघा, खारट असेल." ती म्हणायची, "तुमच्या जिभेपेक्षा बरीच असेल."

त्याचं प्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टर त्याला 'कमी' म्हणाले होते. तिने बंदच केलं. मिठाची बरणी पुसून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. ती चांगली उंच, तो बुटका. "आता चोरून खायचं तर शिडी लावा," म्हणाली. तू तरी वरून घे, असं त्याने कितीदा सांगितलं. पण त्याच्यासमोर तिच्या घशाखाली उतरायचं नाही. "लोक खाल्ल्या मिठाला जागतात. मी न खाल्लेल्या मिठाला जागते," असं ती एकदा म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले होते. पुढे तिला गरगरायला लागलं, तेव्हा दोघांनाही वाटलं, हिचंही प्रेशर वाढलं असणार. मग पाव-बिस्किटातून जायचं तेवढंही तिने तोडलं.

ती गेल्यावर मुलगी रजा टाकून त्याच्याकडे राहायला आली. तिनेही एकच भांडं चढवलं. "आईची पद्धत मोडायची नाही," म्हणाली, आणि बापाबरोबर अळणी जेवू लागली. बाईंनी सांगितलेलं त्याने तिला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं म्हणजे आई कशाने गेली तेही सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

एका दुपारी उकडलेला बटाटा अर्धाच खाऊन ताट घेऊन उठताना तिने दाराची चौकट धरली.

"काय झालं?"

"काही नाही बाबा. उठताना जरा अंधारी आली."

तो तसाच उष्ट्या हाताने कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. मिठाची पिशवी आणली, दातांनी फोडली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बस. हे घाल बटाट्यावर."

"तुम्हाला चालत नाही ना."

"मला नाही. तुला."

"आई कधी तुमच्यासमोर..."

"आई त्यानेच गेली," तो म्हणाला.

मग बाकावर ऐकलेलं सगळं त्याने तिला सांगितलं. काही गाळलं नाही. तिने पिशवी जवळ ओढली.

"तिला माहीत होतं?"

"नाही. मलाही नव्हतं."

तिने बटाट्यावर चिमूटभर मीठ टाकलं. खाल्लं. परत चिमूट घेतली, आणि परत.

"आवडतं?"

"लहानपणापासून," ती म्हणाली. "होस्टेलवर मुली हसायच्या मला."

शेळी हा शब्द त्याच्या ओठांवर आला. त्याने आपल्या ताटातला अळणी बटाटा तोंडात घातला आणि त्याबरोबर तो शब्दही गिळला. मग दोघंही रडले, ताटं तशीच पुढ्यात घेऊन.

उद्या तिला रक्त तपासायला न्यायचं आहे. वरच्या फळीवरची बरणी अजून खाली काढलेली नाही.