चंदनबालासाठी काच

समडोळीचे रायगोंडा पाटील आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत त्यांची बायको चंदनबाला विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग जेवण झालंय की नाही ते. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. भरल्या पोटी ती दहादा अंगणात येऊन ऊन कुठवर आलंय ते बघायची.

कॅलेंडरकडे तिचं लक्ष जायचं नाही. रायगोंडांनी ठरवलं, तिच्यासाठी आरसाच करायचा. वर तिचा चेहरा, खाली आतून उमटणारी अक्षरं: आज वार कोणता, दिवस कधी मावळणार, जेवण झालं की नाही. जुना मॉनिटर आणि छोटा कॉम्प्युटर त्यांनी चौकटीत बसवला. फक्त काच राहिली.

सांगलीत काचेचं दुकान चालवणारा सिकंदर त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानं तीन तुकडे समोर मांडले.

"सर, ही साध्या काचेवर फिल्म लावलेली. फुगे दिसत्यात. हे ॲक्रिलिक, हलकं हाय, पण मोठं घेतलं की वाकतं. तोंड येडंवाकडं दिसतंय. अन् ही खरी टू-वे काच, पुण्यास्नं मागवलीया."

रायगोंडांनी तिसरीच्या मागं मोबाईल धरला. अक्षरं लख्ख दिसली. काढला, तर स्वच्छ आरसा.

"हीच. तिला तिचं तोंड नीट दिसलं पायजे."

"नमुना घरी न्या. तुमच्या उजेडात बघा, मग मोठी कापतो."

घरी त्यांनी तो हातभर तुकडा सोप्यातल्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. चंदनबाला आली, थबकली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

"आवं, पाव्हण्या आल्यात. सांगायचं न्हाई व्हय?"

रायगोंडांना वाटलं, चेष्टा करतेय. तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून काचेसमोर ठेवला.

"घ्या बाई." थोडं थांबून ती नवऱ्याकडं वळली. "बोलंनात. लय थकल्यात. ह्यांचं कुणी न्हाई का?"

"हाय की," रायगोंडा कसंबसं म्हणाले. "नवरा हाय."

"मग परक्याच्या घरात एकटीला कसं सोडलं त्यानं?"

त्यांनी काच उचलून पालथी घातली.

"असं हाकलत्यात व्हय बाईमाणसाला?" ती रडायलाच लागली.

महिनाभर ती कपाटाच्या आरशावर टॉवेल का टाकत होती, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. "सिकंदर, फोटोच्या फ्रेमला लावतोस ती मॅट काच दे. जिच्यात तोंड दिसत न्हाई ती."

"मग त्यो आरसा कसला, सर?"

"आरसा नगोच."

सिकंदरनं काच कापून, कडा घासून दिली.

चौकट भिंतीवर लागली. चंदनबाला मोठ्यानं वाचायची, "आज बुधवार. जेवण झालं आहे," आणि निवांत बसायची. अंगणातल्या फेऱ्या थांबल्या. रायगोंडांनी कपाटाचा आरसा काढला, बेसिनवरचाही काढला आणि दाढीसाठी ते गावातल्या सलूनमध्ये जाऊ लागले.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर आठवड्यानं त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. ओळखीचं, आणि एकटं. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या फेसात उतरलं.

"अण्णा, वस्तरा लागला का?" न्हावी घाबरून थांबला.

"न्हाई रं," ते म्हणाले. पण त्यांची मान काही केल्या स्थिर राहीना, आणि न्हावी वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला.