अनंताच्या मुळांतल्या गाठी

अंगात आलेले बाबा एका दारापुढून दुसऱ्या दारापुढे डुलत चालले होते आणि अख्खी वसाहत त्यांच्यामागे. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, निदान सगळे शपथेवर तसं म्हणत होते. तरी बाबा नेमके त्याच सात दारांत थांबले, जिथे अनंताच्या झाडांनी पिवळ्या पडून माना टाकल्या होत्या. सातव्या दारात त्यांनी झाड उपटलं, मुळं बादलीत खळबळवली आणि वर धरली. मुळांना गाठीच गाठी!

"हे आपोआप होत नाही!" बाबा गरजले. "हे बांधलंय! जिनं जन्मभर गाठीच मारल्या, तिनं बांधलंय! झाड वाळेल तसं त्या घरचं लेकरू वाळेल!"

बायकांनी पोरं पोटाशी धरली. नाव घ्यायची गरजच नव्हती. निम्मी वसाहत सुईणमावशींच्या हातावर जन्मली होती. प्रत्येक नाळेला गाठ त्यांनीच मारली होती, आणि प्रत्येक बाळंतिणीला आपल्या अंगणातलं अनंताचं रोपही त्यांनीच दिलं होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई कठड्याला टेकून सगळं बघत होत्या. तीस वर्षांत त्यांनी रडणाऱ्या तसबिरी, आपोआप पेटणाऱ्या वाती आणि अंगात येणारी माणसं निस्तरली होती. आता गुडघे दुखत होते. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, असं म्हणून त्या घरी जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या दारात परत केलेल्या रोपांचा ढीग होता आणि आत मावशी ट्रंक भरत होत्या. भाच्याकडे कायमच्या निघाल्या होत्या. बाईंना आदल्या दिवशीच्या आपल्या झोपेची लाज वाटली.

"एक महिना थांबा," त्या म्हणाल्या.

"कशाला? माझ्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नाही आता."

"माझ्यासाठी थांबा."

बाईंनी मावशींच्या अंगणातली माती आणली. निम्मी तशीच एका कुंडीत भरली. निम्मी कढईत तासभर भाजली, निवू दिली आणि दुसरीत भरली. दोन्हींत महिन्याभरात वाढणाऱ्या काकडीच्या बिया टोचल्या आणि कुंड्या घेऊन वसाहतीच्या अध्यक्षांचं घर गाठलं. या घरची सून आठव्या महिन्यात होती आणि मावशींची सावलीही तिच्यावर पडू द्यायची नाही, असं सासूबाईंचं फर्मान होतं. बाबांचा मुक्कामही तिथेच.

"अध्यक्षसाहेब, कुंड्या तुमच्या गच्चीवर ठेवा. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, पाणीही तुम्हीच घाला. बाबा, मावशींचा हात लागला नाही तर गाठी येतील?"

"छे! हातच नाही तर गाठ कुठली?" बाबा हसले.

महिन्यानं सगळे गच्चीवर जमले. बाईंनीच आग्रह केला म्हणून मावशी दाराशी उभ्या होत्या. अध्यक्षांनी स्वतः कुलूप काढलं, स्वतः रोपं उपटून धुतली. भाजलेल्या मातीतली मुळं पांढरीशुभ्र निघाली. बिनभाजलेल्या मातीतली गाठींनी भरली होती. अध्यक्ष हातातल्या किल्लीकडे बघत राहिले.

"सूक्ष्म देहानं आली असेल!" बाबा म्हणाले.

"कुंड्या शेजारी शेजारी होत्या," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "एका कुंडीत गाठी मारूनच दम लागला का तिला?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी ब्लेडनं एक गाठ चिरली आणि भिंग पुढे केलं. आत टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढरे ठिपके होते.

"या सूत्रकृमीच्या माद्या. हा धाग्यासारखा किडा मातीत असतो, मुळात शिरतो, मूळ सुजतं आणि झाडाला पाणी पोचत नाही. माती भाजली की किडा मरतो."

"मग बाबांना दारं कशी कळली?" अध्यक्षांनी विचारलं.

"मावशी रोपं कशात देतात? निळ्या रंगवलेल्या डब्यांत. निळा डबा आणि पिवळी पानं दिसली की थांबायचं. नाळेच्या गाठींची माहिती तर या घरात चहाबरोबर मिळाली असेल."

सासूबाईंनी मान खाली घातली. बाबांना एकाएकी दुसऱ्या गावाला वेळ दिल्याचं आठवलं आणि ते जिना उतरले. पण सासूबाईंची मान लगेच वर आली.

"म्हणजे कीड आली ती हिच्याकडूनच ना!"

बाईंना याचीच धास्ती होती. नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "माती त्यांचीच होती. किडा मातीत होता, त्यांच्या मनात नव्हता. आणि झाडं वाळली, पण पोर एकतरी वाळलंय का? खाली धिंगाणा ऐकू येतोय तुम्हाला."

मावशींनी पुढे होऊन भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं.

"दोरा उकळायचे मी. कात्री उकळायचे," त्या हळू म्हणाल्या. "माती भाजायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"आता मी सांगते, सगळ्यांनाच," बाई म्हणाल्या. "वाळलेली झाडं मुळांसकट जाळा. नव्या फांद्या भाजलेल्या मातीत लावा. आणि हात जोडून एक मागते. पुढचा बाबा येईल, येणारच. तेव्हा आधी दोन कुंड्या मांडा आणि महिनाभर थांबा. माणसाला हाकलायची घाई करू नका. मी दर वेळी असेनच असं नाही."

अध्यक्षांची सून भिंतीचा आधार घेत उठली, सासूकडे न बघता मावशींपाशी गेली.

"मावशी, माझ्या वेळेला याल ना?"

मावशींनी जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता.

"येईन की," त्या म्हणाल्या. "त्या लेकरानं माझं काय केलंय?"