वाटलेला मासा

माझ्या नवऱ्याने, वासिलने, शिरावाच्या तळ्यात माणसाएवढा मिशावाला मासा धरला. पाठ शेवाळलेली, म्हातारा मासा. एरवी वासिलला गल्लीत कोण विचारतंय? त्या दिवशी मात्र अंगणात जत्रा भरली. त्याने मासा कापून घरोघर तुकडे वाटले.

दुपार कलताना लेक ब्लांका आली, तान्ह्याला घेऊन. मिहालोव्त्सेच्या इस्पितळात तिचं दूध तपासलं होतं. पाप्रिका घातलेलं माशाचं कालवण रटरटत होतं. ब्लांकाने आधी गॅस बंद केला.

"तळ्यातला?"

"मग काय दुकानातला? पोटाचा चरबीदार तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. दूध वाढतं."

"दुधातच सापडलंय, बाबा. कारखान्याने पूर्वी सोडलेलं ते विष. पाण्यात नावालाही दिसत नाही. गाळातल्या किड्यांत जातं, किडे खाणाऱ्या माशांत जातं, त्यांना हा खातो. चरबीत साठतं, निघत नाही. मासा जेवढा मोठा, जेवढा म्हातारा, तेवढं जास्त."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"पाजत राहा म्हणालेत. पण तळ्यातला मासा बंद."

"मी जन्मभर खातोय! मला काय धाड भरली?" वासिल ओरडला. तो बसला, उठला, परत बसला. मग बादली उचलून निघाला. मीही मागोमाग गेले.

शेजारची हेडविगा दारातच हसली. "दिलेलं परत मागतोस? बायकोने कान उपटले वाटतं!" पण तुकडा दिला. म्हातारी पारास्का देईना. "मला ना दात, ना पोरं. विष माझं काय वाकडं करणार? चल, नीघ!"

ओंद्रेयकडे ताटं वाढलेली होती. त्याची सून, दिवस भरत आलेली, पावाने रस्सा पुसत होती. "या काका, बसा. काय झालाय मासा!"

वासिलने बादली पाठीमागे धरली. मीच सांगितलं. तिने पाव खाली ठेवला.

"आणि हे आत्ता सांगतोस?" ओंद्रेय वासिलला म्हणाला.

घरी आल्यावर बादलीचं काय करायचं कळेना. कोंबड्यांना टाकावं, तर अंडी आम्हीच खाणार. तळ्यात तर नकोच. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या पिंपात टाकलं. वासिल साबणाने हात धूत राहिला.

सकाळी तो ओंद्रेयच्या सुनेला घेऊन इस्पितळात गेला. स्वतःचंही रक्त तपासायला दिलं. डॉक्टर म्हणाले, एका जेवणाने एवढं घाबरू नका. तिला धीर आला.

वासिलला आला नाही. एका जेवणाचं ठीक, पण ब्लांकाला लहानपणापासून भरवलेल्या जेवणांचं काय, हे त्याने विचारलंच नाही.