दूर्वांवरचे थेंब

फैजपूरच्या त्या घरामागे जेमतेम दोन खाटांएवढ्या जागेत दूर्वा होत्या, आणि त्या चातुर्मासात त्या घरातल्या नवरा-बायको दोघांनाही हव्या होत्या.

सुलक्षणाबाईंनी लक्ष दूर्वांचं व्रत धरलं होतं. रोज सकाळी आंघोळ करून आठशे चाळीस दूर्वा खुडायच्या, एकवीस-एकवीसच्या चाळीस जुड्या बांधायच्या आणि गणपतीला वाहून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. व्रत नवऱ्याच्या डोळ्यांसाठी होतं. प्रेमराज मास्तरांना काचबिंदू झाला होता. डावा डोळा गेलाच होता, उजव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसे. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. रस्ता दिसेना, समोरून येणारा दिसेना, तेव्हा त्यांनी नळीत मावेल तेच बघायला घेतलं. मुलाने, हितेंद्रने, मागच्या पावसाळ्यात पुण्याहून अगदी जवळचं मोठं दाखवणारी मॅक्रो लेन्स आणून दिली. पाऊस उघडला की मास्तर परसात पोतं अंथरून पालथे पडत आणि थेंबांचे फोटो काढत बसत.

शेजारच्या झुंबरबाई कुंपणावरून विचारत, "मास्तर, गवतात काय शोधून राहिले? सुलक्षणाअक्कांचं डोरलं पडलं काय?"

"सापडलंय सगळं. तुम्ही फक्त हळू बोला, थेंब हलून राहिला."

सुलक्षणाबाई गालात हसत आणि दूर्वा मोजत राहत. "अगं, एकदा बघून तर जा," मास्तर म्हणत. बाई बोटं दाखवत, मोजणी चाललीय म्हणून. पूजा, नैवेद्य आटोपून बाहेर येईपर्यंत उन्हाने थेंब वाळलेले असत.

भाद्रपदात जळगावला ऑपरेशन ठरलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेलच असंही नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. निघायच्या दिवशी उजाडता पाऊस उघडला. बाई भरत आलेली परडी घेऊन पुन्हा दारात आल्या तर मास्तर कोपऱ्यात आडवे.

"हलू नको," ते हळूच म्हणाले. "आपलं घर आलंय थेंबात, दारासकट. आणि दारात तू. दोन मिनिटं तशीच उभी राहा."

बाई थांबल्या. पण शेवटच्या जुडीला दोन दूर्वा कमी होत्या, गाडी आठला येणार होती आणि पूजा व्हायची होती. दाराशीच, मास्तरांपासून चांगल्या हातभर दूर, त्यांनी वाकून एक दूर्वा खुडली. दूर्वांचा वेल जमिनीसरसा पसरतो. इकडे ओढलं की तिकडचं पातं हलतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? थेंब पडला.

 मास्तर पोतं झटकून उठले. "जाऊ दे. देवाचंच काम होतं."

नजर टिकली नाही. कार्तिकात उद्यापन झालं. लाखात एकही दूर्वा कमी भरली नव्हती.

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस येऊन गेला. सकाळी बाईंनी आपणहून मास्तरांचा हात धरून त्यांना परसात आणलं, पोत्यावर बसवलं.

"थेंब आहेत?"

"पुष्कळ."

"एखाद्याच्या आत बघ. काय दिसतं?"

बाई वाकल्या. थेंब नुसताच चमकत होता. आतलं त्यांना काही दिसेना. कधी खोटं बोलायच्या नाहीत त्या, पण मास्तर मान वर करून वाट बघत होते.

"घर दिसतंय. दार दिसतंय."

"सरळ?"

"हो. अगदी सरळ."

मास्तर किंचित हसले. "थेंबात सगळं उलटं दिसतं, सुलक्षणा. दोन पावसाळे सांगतोय मी तुला."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बाईंनी लुगड्याचा ओचा सावरला आणि ओल्या जमिनीवर, ते पडत तशाच पालथ्या पडल्या. एक डोळा मिटून थेंबाजवळ तोंड नेलं.

"थांबा, बघून सांगते."

मास्तर भिंत चाचपत उठले होते. "राहू दे आता. ओल लागेल तुला," असं म्हणत ते एकटेच आत गेले.