पाप्पातीअक्काला काय म्हणायचं?

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या एका बनियन कारखान्यात कपाटावर बसून असतो. मला कोणी घडवलं ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती कनकवल्लीच्या बोटांची. ती इथली टायपिस्ट. माझ्यावरचे कापसाचे तंतू फुंकरीने उडवायची आणि मग कामाला लागायची. अक्षरं मी उमटवायचो, अर्थ तिच्याकडून शिकायचो. ‘ही टायपिस्ट आणि हे मशीन, जोडी झकास आहे,’ असं मालक नाचिमुत्तु पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा माझी घंटा उगाचच वाजायची.

आमच्या गावात एका छपराखाली बनियन पुरं होत नाही. विणायचं एकीकडे, रंगवायचं दुसरीकडे. बटणांच्या बनियनांची काजं करायची समोरच्या गल्लीतल्या पाप्पातीअक्काच्या पडवीत. मालक तिला दिवाळीला साडी द्यायचे, तिच्या मुलींच्या कानटोचणीला मामाच्या मानाने जायचे. ज्याला वर्षानुवर्षं काम दिलं तो आपलाच, अशी इथली रीत. म्हणून हॉलंडच्या खरेदीदार बाईंनी पत्रातून माल कोण बनवतं असं विचारलं, तेव्हा मालकांनी सरळ मनाने सांगितलं आणि मी उमटवलं: सगळा माल आमचीच माणसं करतात.

बाई प्रत्यक्ष आल्या. कारखानाभर फिरल्या आणि काजांचं मशीन कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मालकांनी खिडकीतून समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. ‘आमचीच माणसं’ म्हणजे कारखान्यातलीच, असं बाई समजल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. लपवाछपवी करणाऱ्याकडून आपण माल घेत नाही, सोमवारपर्यंत खरं काय ते लेखी कळवा, असं सांगून त्या गेल्या.

मालक घाबरले. काजांचं मशीन विकत आणू, बाहेरचं काम बंद, कटकटच नको, असं म्हणाले. कनकवल्लीची बोटं थांबली.

“मग अक्कानं काय करायचं?”

तेवढ्यात अक्काच तयार मालाचं गाठोडं घेऊन दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

“माझं नाव घालायची लाज वाटली का, अण्णा?”

“लाज कसली? तुम्ही घरच्याच, म्हणून...”

“घरची असते तर दुपारचा भात इथं मिळाला असता. जागा माझी, मशीन माझं, काज उसवलं तर बोलणी खायची मीच. ते लिहा की.”

मग शब्दाचा शोध सुरू झाला. अशी गंमत मी कधी पाहिली नव्हती. ‘वर्कर’ उमटलं, खोडलं गेलं, कारण ती पगारावर नव्हती. ‘व्हेंडर’ म्हणजे माल विकणारा, तेही नाही. ‘कन्सल्टंट’ म्हणजे सल्ला देणारा, असं कनकवल्लीने सांगितल्यावर मालक म्हणाले, सल्ले तर ही भरपूर देते. “फुकट देते, म्हणून कुणी ऐकत नाही,” अक्का म्हणाली. ‘आउटसोर्सिंग’ हे बाहेरून काम करून घेण्याच्या पद्धतीचं नाव, त्यात माणूसच दिसेना. शेवटी ‘सबकाँट्रॅक्टर’ उमटलं. मोठ्या कामातला एक भाग स्वतःच्या जागेत, स्वतःच्या जबाबदारीवर करणारी. त्याखाली तिचं नाव, गल्ली आणि काम. अक्काने आपलं नाव दोनदा वाचून घेतलं.

बाई पुन्हा आल्या, त्या थेट अक्काच्या पडवीत. काजं बोटाने ताणून पाहिली, कॉफी प्यायल्या. ऑर्डर कायम राहिली. कारखान्यात काजांचं मशीन आलं नाही.

पुढे संगणक आला. कनकवल्ली निवृत्त झाली. माझी शाईची पट्टी वाळली, मला कुणी पुसत नाही. त्याचं दुःख होतं, नाही कशाला म्हणू? पण मित्रांनो, माझ्यासाठी तेलाची बाटली शोधत बसू नका. तुमच्यासाठी कोणी बाहेरून राबत असेल, तर ‘तो आपलाच हो’ म्हणून पुढे जाऊ नका. तो कोण आहे, ते एकदा त्यालाच विचारा. आणि मग त्याचं नाव नीट, पूर्ण लिहा.